कायदा नव्या पदार्थाला नाही, खोट्या दाव्याला अडवतो

खान्देशातल्या बचत गटांत एक मजकूर फिरतो आहे: ‘अन्नसुरक्षा कायद्यामुळे आपला नवा पदार्थ बाजारात येऊच शकत नाही. प्रत्येकाला दिल्लीची मंजुरी लागते, पाकिटावर गुण छापू देत नाहीत, मोठ्या कंपन्या मात्र हवं ते छापतात.’

मंजुरीचं आधी. 2017 च्या नियमांप्रमाणे आगाऊ मंजुरी लागते ती ज्याच्या खाण्याचा इतिहास नाही, अशा घटकांसारख्या गोष्टींना. कच्च्या केळीचं पीठ किंवा दादर ज्वारीचे बिबडे (पापडासारखा खान्देशी पदार्थ) त्यात येत नाहीत. नोंदणी किंवा परवाना आणि नीट लेबल लागतं. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. पिठासाठी कापलेल्या केळीच्या चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून त्या मेटाबायसल्फाइट या सल्फाइट प्रकारच्या रसायनाच्या पाण्यात बुडवतात आणि लेबलवर त्याचा उल्लेख राहून जातो. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करावंच लागतं. दमा असलेल्या काहींना त्याने खरोखर धाप लागते, म्हणून ही अट जाचक मुळीच नाही.

गुण छापू देत नाहीत, हे तर साफ चूक. 2018 च्या दावे व जाहिरात नियमांत मोजमाप दिलेलं आहे: घन पदार्थात 100 ग्रॅममागे 3 ग्रॅम तंतू (फायबर) असतील तर ‘तंतूंचा स्रोत’, 6 ग्रॅम असतील तर ‘तंतूंनी भरपूर’. त्यासाठी कुणाची परवानगी नको, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल हवा. अख्ख्या ज्वारीत तंतू साधारण 10 ग्रॅम असतात. पण बिबड्यासाठी ज्वारी कांडून कोंडा काढला की आकडा घसरतो. म्हणून नमुना धान्याचा नको, विकायच्या बिबड्याचाच द्या.

‘साखर घातलेली नाही’ इथे बरेच जण फसतात. लाडवात साखरेऐवजी गूळ किंवा गोडीसाठी सुक्या केळीचा लगदा घातला, तर हा दावा करता येत नाही.

‘मधुमेह बरा करतं’ हे मात्र छापताच येणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्याला आधार म्हणून कच्च्या केळीतला सहज न पचणारा स्टार्च दाखवला, तरी तो केळी पिकताना साखरेत बदलतो, पीठ शिजवल्यावरही बराच कमी होतो. पिठाच्या अहवालावरून शिजलेल्या थालिपिठाचा गुण सांगता येत नाही. ‘बरा करतं’ असं वाचून कुणी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, तर जिवावर बेतेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मोठ्यांना मोकळीक आहे, हेही खरं नाही. एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दुधावरची, धान्यावरची पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून दाखवू नका असं भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (FSSAI) बजावलं. जूनमध्ये पाणी मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘100% फळांचा रस’ हा दावा काढायला लावला.

तक्रार करायचीच तर तपासणीच्या खर्चाची करा. पाककृती बदलली की अहवाल नवा, आणि छोट्या गटाला हा खर्च खरंच जड जातो. म्हणून आधी पाककृती पक्की करा, मग नमुना पाठवा, आणि पाकिटं छापायला अहवाल हातात आल्यावरच द्या.