उत्तेजनार्थ

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा छंद-प्रदर्शन होतं आणि त्यात मला बक्षीस मिळालं. विभाग : टाकाऊतून टिकाऊ. क्रमांक : उत्तेजनार्थ. पहिलं बक्षीस जुन्या बांगड्यांच्या झुंबराला, दुसरं आइस्क्रीमच्या काड्यांच्या कौलारू घराला, आणि मग मी. म्हणजे ब्लास्ट फर्नेस, यार्ड आणि वॅगनींसकट अख्ख्या भिलाई पोलाद कारखान्याचं छोटं मॉडेल. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला. भिलाईची ओळख रूळ आणि जाड प्लेटांसाठी आहे, डब्यांसाठी नाही. पण आरती सुरू व्हायची होती आणि माईक समितीकडे होता.

‘टाकाऊ’ का, तर स्लॅगच्या, म्हणजे लोखंडाच्या मळीच्या, वॅगनीमुळे. फर्नेसमधून लोखंड आणि स्लॅग दोन्ही वितळलेलेच निघतात आणि दोघांच्या गाड्या वेगळ्या. लोखंडाला आतून विटांचं अस्तर लावलेलं मोठं पात्र, म्हणजे लेडल, लागतं, स्लॅगला वर रुंद आणि खाली निमुळतं असं भांडं. 1:87 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापात, त्या भांड्याचा नेमका आकार कुठे मिळतो? खोकल्याच्या औषधाच्या मापात. ते मी घासलं, काळं केलं, आत नारिंगी दिवा लावला. समितीच्या एका ताईंनी वाकून पाहिलं आणि ओरडल्या, “अगं बाई, हे तर सिरपचं झाकण!” झालं. स्टायरीन प्लास्टिकच्या अर्ध्या मिलिमीटरच्या शीटमधून कापलेल्या बाजू, प्रत्येक बाजूच्या उभ्या पट्ट्या, भिंगाखाली बसवलेल्या चाकांच्या बोग्या यांतलं काही कुणाच्या नजरेला पडलं नाही. झाकण पडलं.

माहितीचा फलकही मी लिहून दिला होता. ‘सोव्हिएत मदतीने उभारणी, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या फर्नेसचे उद्घाटन.’ तो समितीने शेजारच्या बोन्सायपुढे लावला. संध्याकाळभर लोक त्या वडाकडे आदराने बघत होते. एका आजोबांनी तर त्याला हात जोडले.

माझ्या टेबलापाशी येणाऱ्यांचे प्रश्न तीनच. मुलाचं आहे का? केवढ्याला पडलं? आणि धावते का? मी वॅगनींवर कोरड्या रंगांच्या पावडरीने गंज चढवला होता, त्यावर एक काकू हळूच म्हणाल्या, “रंग द्यायचा राहिला वाटतं घाईत.”

आणि मग ते आले. तिसऱ्या मजल्यावरचे काका. रेल्वेतून रिटायर, एवढंच मला माहीत होतं. हात मागे बांधून ते टेबलाच्या एका टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, “बॉक्सएन हाय नं ही?”

डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. बॉक्सएन हा वरून उघड्या मालवॅगनीचा प्रकार. संध्याकाळपासून माझ्या वॅगनींना लोक ‘डबे’ म्हणत होते, एकाने ‘झुकझुक’ही म्हटलं. मी घाईघाईने म्हटलं, “हो काका, बॉक्सएनच.”

“बीपीसी कुठं हाय?”

“काय?”

“ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. रेक काय असाच सोडून राह्यले?”

म्हणजे ब्रेक ठीक असल्याचा दाखला. आणि रेक म्हणजे जोडलेली अख्खी गाडी. काका भिलाई मार्शलिंग यार्डात टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारे ट्रेन एक्झामिनर होते. आयुष्यभर मालगाड्यांच्या कडेने चालून त्यांनी चाकं, ब्रेक आणि स्प्रिंगा तपासल्या होत्या. आता मोबाइलचा टॉर्च लावून ते माझ्या गाडीच्या कडेने चालू लागले. चालू लागले म्हणजे कमरेत वाकून टेबलाच्या कडेने सरकू लागले. एक बाजू झाल्यावर म्हणाले, “टेबल भिंतीपासून सरकवा. दोन्ही साइडनं पाह्यल्याशिवाय मी सही करत नसतो.” टेबल सरकवलं. फर्नेस हलली. बोन्सायचं एक पान गळलं.

“लोड काय?”

“लोहखनिज. दल्ली-राजहऱ्याचं.”

“मंग एम्प्टी-लोडचं हँडल कुठं हाय? हँडल एम्प्टीवर अन् गाडी भरलेली, तर ब्रेक पुरंल का?”

“काका, हे हँडल या मापात केसाएवढं होईल.”

“ब्रेकले माप कळते काय?”

मागे रांग थांबली होती. लहान मुलं कंटाळून बांगड्यांकडे गेली. काकांनी मंडपवाल्याकडून टेप आणवला आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मोजलं. साडेसोळा मिलिमीटर. मला पुढचं दिसत होतं. ही या छंदातली भळभळती जखम आहे. जगभर या मापाचा तयार रूळ साडेसोळाचा मिळतो, कारण बाहेरचं स्टँडर्ड गेज 1435 मिलिमीटरचं आहे. आपलं ब्रॉडगेज 1676. काकांनी मोबाइलवर भागाकार केला.

“एकोणीस पॉइंट सव्वीस पाह्यजे. म्हणजे खरोखरीच्या लायनीवर चोवीस सेंटीमीटर टाइट गेज. भाऊ, माझ्या सर्व्हिसमध्ये दोन-चार मिलिमीटरवरून मेमो निघत.”

“जगात सगळीकडे हाच रूळ वापरतात, काका.”

“जगाचं जगाले. मी यार्डाचं बोलून राह्यलो.”

मग लेडलची वॅगन. ती समितीने पुढे आणून एक्स्चेंज यार्डात, म्हणजे कारखाना आणि रेल्वे गाड्या एकमेकांना सोपवतात तिथे, उभी केली होती, कारण दिवा छान दिसतो. “हॉट मेटल घेऊन हे माझ्या लायनीवर कसं?” मी समजावलं, ही कारखान्याची आतली गाडी आहे, रेल्वेच्या हद्दीत येतच नाही. “मंग उभी कुठं हाय?” उभी रेल्वेच्या हद्दीत होती. शेवटच्या वॅगनीला एलव्ही, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’चा, बोर्डही नव्हता. मी लावला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तासाभरापूर्वी कुणाच्या तरी फ्रॉकला चिकटून पसार झाला होता. “एलव्ही नाही तर गाडी पूर्ण आली हे स्टेशन मास्तरले समजंल कसं? मागचे डबे सुटले असले तं?” शेवटी गंज. “करोजन,” एवढंच बोलून त्यांनी खिशातून खडू काढला. हाउजीचे आकडे फळ्यावर लिहायला दिलेला खडू. आणि माझ्या वॅगनीवर लिहिलं : सिक. म्हणजे नादुरुस्त.

वॅगन सव्वाबारा सेंटीमीटरची. अक्षरं पुढच्या वॅगनीवर गेली. मॅट व्हार्निशवर खडू बसला की पुसला जात नाही. त्याच गुणासाठी ते व्हार्निश मी मारलं होतं.

राग आला. अजूनही थोडा आहे. पण खरं सांगायचं तर सगळा काकांवर नाही. सोसायटीच्या लेखी माझी वॅगन म्हणजे कचऱ्याचा सदुपयोग. कस्टमच्या लेखी ती खेळणं, कारण लहान मापाची मॉडेलं खेळण्यांच्याच कलमात मोडतात. 2020 मध्ये खेळण्यांवरची ड्यूटी 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. आतापर्यंत चाकांची पाकिटं मागवताना ते सगळं मी भरलं. स्वस्त चिनी खेळण्यांना आळा घालायला हे केलं म्हणतात. आळा पन्नाशीतल्या माझ्या चाकांना बसला. पुन्हा पार्सल अडकलं की फोनवरची मुलगी गोड आवाजात विचारते, “सर, बेबीचं वय काय?” वॅगनीला वॅगन म्हणणारा एकच माणूस भेटला आणि त्याने ती लाइनमधून काढली.

भिलाईचे 260 मीटरचे रूळ वाहून नेणारा रेक पुढे करायचा आहे. 87 ने भागलं तरी रूळ तीन मीटरचा होतो आणि आमच्या हॉलची भिंत त्याहून छोटी आहे, हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

काल त्यांनी दाराखालून कागद सरकवला. दोषांची यादी, प्रत्येकापुढे रकाना : दुरुस्ती केली / नाही. खाली तारीख, सही आणि ‘निवृत्त’ हा शब्द अगदी बारीक अक्षरात. रविवारी पुन्हा तपासणीला येतो म्हणालेत. बायकोने फोनवर विचारलं, चहा ठेवू का? नको म्हणाले, ड्यूटीवर असताना मी घेत नाही.