चारचौघांचा मोर्चा

थंडी पडली, संत्र्यांच्या गाड्या लागल्या आणि सिव्हिल लाइन्समधल्या दुभाजकांना ताजा रंग बसला की नागपूरकर ओळखतो, अधिवेशन आलं. त्या रंगाच्या वासाने तुमच्याही पोटात काहीतरी ढवळत असणार. धानाचा बोनस अडकलेला आहे, शाळा अनुदानाच्या एकाच टप्प्यावर वर्षानुवर्षं उभी आहे, अंगणवाडीचं मानधन थकलंय. आणि तुम्हाला वाटतं, मोर्चा काढावा. काढा की राजेहो! कोण नाही म्हणतंय? फक्त कायद्यात बसवून काढा. या गावात मी इतके मोर्चे पाहिलेत, चारदोन मोर्चांत स्वतः पायही तुडवलेत, की सल्ला द्यायला मला आता कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या गावात परवानगी न लागणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्यात, त्यातली ही एक.

आधी माणसं मोजा. चारवर थांबा. पाचवा आला की त्याला पानठेल्यावर पाठवा. भारतीय न्याय संहितेचं कलम १८९ बेकायदेशीर जमाव पाचापासून मोजतं आणि जमावबंदीचा आदेशही बहुधा पाचाचाच आकडा धरतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावं. चारचौघांत बोलावं, चारचौघांसारखं वागावं, शेवटी खांदाही चौघांनीच द्यावा. पण त्यातल्याच कोण्या बेजबाबदार माणसाने ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी म्हण करून ठेवली. त्याने कायदा वाचलेला नव्हता. पाचामुखी हल्ली गुन्हा दाखल होतो.

तुम्ही लगेच संविधान काढाल. काढा, आपल्याकडे त्याच्या नावाचा चौकच आहे, विधानभवनाच्या हाकेच्या अंतरावर. अनुच्छेद १९ म्हणतो की शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क सर्व नागरिकांना आहे. थोडं खाली वाचलं की ‘वाजवी निर्बंध’ येतात. वाजवी म्हणजे काय ते सीताबर्डीच्या बाजारात फिरलेल्याला सांगायला नको. दुकानदार सांगेल तो भाव वाजवी.

कोर्टाचे निकालही आहेत, चांगले आहेत. १९७२ मध्ये हिम्मतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करा, पण ती घ्यायची की नाही हे नुसत्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. २०२० च्या जानेवारीत काश्मीरच्या प्रकरणात म्हणालं की १४४ हे कलम मतभेद दाबायला वापरू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शाहीन बागेच्या प्रकरणात म्हणालं की आंदोलन जरूर करा, पण नेमून दिलेल्या जागी. हे तिन्ही निकाल खिशात घालून तुम्ही चौकात जाऊ शकता. तिथला हवालदार पहिले दोन वाचून म्हणेल, ‘हे साहेबांना दाखवा.’ तिसरा त्याला पाठ असतो.

१४४ म्हणून गेलो, तो जुन्या सवयीने. १ जुलै २०२४ पासून ते कलम नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. इंग्रजांचं ओझं उतरलं. आतला मजकूर जवळपास तसाच राहिला, म्हणून नव्या कलमाची सवय व्हायला फार वेळ लागला नाही. धोक्याची आशंका आली की आदेश काढा, आदेश दोन महिने चालतो, सरकारला वाटलं तर आणखी सहा.

पण आपल्या शहरात खरा घरोबा आहे तो महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ शी. कायदा १९५१ चा आहे आणि ते कलम एकदा मोठ्याने वाचण्यासारखं आहे. सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुऱ्या, काठ्या, लाठ्या, सगळं एका दमात. म्हणजे तुमच्या मोर्चात कापूस विकून आलेला सत्तरीचा म्हातारा काठी टेकत चालत असेल, तर तो भाल्याच्या पंगतीत जेवायला बसलाय हे त्याला समजावून सांगा. झेंड्याचा दांडा आणू नका, झेंडा हातात नुसता लोंबू द्या, आंघोळीच्या पंचासारखा. पुढे त्यात मृतदेह, आकृत्या आणि पुतळे यांच्या प्रदर्शनाची बंदी आहे. घोषणा, गाणी आणि वाद्यं आहेत. अधिकाऱ्याच्या मते सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षेला बाधा आणतील अशी आवेशाची भाषणं, हावभाव, नकला, चित्रं आणि फलक हेही आहेत. हावभाव! तेव्हा मोर्चात चेहरा निर्विकार ठेवा. तीन तास उन्हात बसून मंत्री न भेटल्याचं कळेल, तेव्हा बँकेच्या रांगेत उभं राहिल्यासारखं तोंड करा. मला ते एकदा जमलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं, ‘सर, तोंड!’

याच कलम ३७ खालचा जमावबंदीचा आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते, ही तुमच्यासाठी ठेवलेली सोय. २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं सहा दिवसांत आटोपलं. पंधरातून सहा गेले, नऊ दिवस शिल्लक. त्यात तुम्ही हुरडा खा.

आता परवानगीचं बघू. अर्ज करा. त्यात आयोजकाचं नाव, पत्ता, किती माणसं येणार, कुठून निघणार, कुठे थांबणार, भोंगा किती, हे सगळं लिहा. आकडा लिहिताना जपा. जास्त लिहिला तर म्हणतील एवढ्यांना जागा नाही. कमी लिहिला आणि माणसं जास्त आली तर तुम्ही शब्द मोडला. परवानगी मिळेल, सोबत अटींचा कागद मिळेल, आणि आदल्या रात्री जेवायला बसल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस घरी येईल. आपल्या हातून गुन्हा घडू शकतो आणि घडल्यास आपणच जबाबदार, असा मजकूर. लग्नाच्या आमंत्रणासारखी सही करून घ्या. घरच्यांना सांगा, ओळखीचे आहेत.

मार्ग ठरलेला असतो. यशवंत स्टेडियमवरून निघायचं आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला थांबायचं, किंवा टेकडी रोडला, किंवा झिरो माइलला. कुठे थांबायचं हे तुमची मागणी ठरवत नाही, बॅरिकेड ठरवतं. तिथून विधानभवन दिसतं का? उंच माणसाला थोडं दिसतं.

आम्ही एकदा शिक्षकांच्या मोर्चात गेलो होतो, तेव्हा दुपारी बाराला बॅरिकेडशी पोचलो. रस्त्यावर बसलो. सोबत आणलेले पोहे संपले, तर्री दुपारीच संपली होती. साडेतीनला शिष्टमंडळाला बोलावणं आलं. नेमके पाच जण आत नेले, म्हणजे त्या दिवशी विधानभवनाच्या आवारात बेकायदेशीर जमाव सरकारनेच जमवला असं मी म्हणत होतो, पण कोणी हसलं नाही. सव्वापाचला ते परत आले. हातात फोटो, निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर ‘आवक’चा शिक्का. ‘साहेब काय म्हणाले?’ ‘सकारात्मक आहेत.’ टाळ्या वाजल्या. त्यानंतर तेच निवेदन, तारीख बदलून, आम्ही आणखी चार वर्षं दिलं. साहेब बदलले, सकारात्मकता तीच राहिली. तेव्हा माझा सल्ला, निवेदनाच्या तारखेची जागा कोरी ठेवूनच छापा, छपाईचा खर्च वाचतो.

या टी-पॉइंटवर उभे असाल तर एक काम करा, जिथे थांबवलं तिथेच थांबा आणि मागे वळून उड्डाणपुलाचं नाव वाचा. आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाज अनुसूचित जमातीत नोंद व्हावी म्हणून आला होता, गावोगावच्या बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. कोणी तरी मंत्री बाहेर येऊन निवेदन घेईल म्हणून दिवसभर बसले. कोणी आलं नाही. संध्याकाळी पुढून लाठ्या, मागून माणसं आणि मध्ये बॅरिकेड. ११४ माणसं चेंगरून मेली, बहुतेक बायका आणि मुलं. चौकशी आयोगाला कोणीही दोषी सापडलं नाही. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठ म्हणालं, गोवारी आदिवासीच आहेत. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दाखला मिळाला नाही, पूल मिळाला. त्यावरून आपण रोज जातो, खाली मोर्चा अडलेला असेल तर वरून गाडी सुटते.

इथे मला काही सल्ला सुचत नाही. पुढे चला.

सिव्हिल लाइन्समध्ये मिरवणूक नेऊ नये हा नियम काही आजचा नाही, म्हणून मनाला लावून घेऊ नका. १९२३ मध्ये तिरंगी झेंडा घेऊन निघालेल्या लोकांना तिथे शिरायला अशीच बंदी होती, साहेबांची वस्ती होती ना. १ मेपासून लोक रोज झेंडा घेऊन जात आणि रोज पकडले जात. हजाराच्या वर माणसं तुरुंगात गेली, जमनालाल बजाज गेले, मग वल्लभभाई आले. १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. कायदेशीर सल्लागार म्हणून मला हा प्रकार बिलकूल पटत नाही. आदेश मोडला, माणसं पाचाहून जास्त, दांडे होते, घोषणा होत्या, हावभाव तर असणारच. पण त्या झेंड्याच्या पुढच्या रूपाला आपण २६ जानेवारीला त्याच वस्तीत सलामी देतो, तेव्हा हा विषय चारचौघांत काढू नका.

तुम्हाला शंका येईल, आपण कशात बसतो? नव्या विशेष जनसुरक्षा विधेयकात बसत असाल का? ते जुलै २०२४ मध्ये आलं, डिसेंबरात आपल्याच नागपुरात पुन्हा मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेने ते मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी परिषदेने. आधी त्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ असं होतं, लोक घाबरले. मग ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असं केलं. शाळेत व्याकरणाला तत्सम आणि तद्भव शिकलो होतो. तत्सम कोण हे ओळखण्याचा अधिकार तेव्हा गुरुजींना होता, आता सरकारला आहे. बेकायदेशीर कृत्यात सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारं तर आहेच, आणू पाहणारंही आहे. कायद्याची आणि संस्थांची अवज्ञा करायचा उपदेश करणंही आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मी हा लेख लिहिताना दोनदा थांबलो. पण मी तर आज्ञापालनाचा उपदेश करतोय. माझ्या वाक्यांत अवज्ञा दिसली तर ती वाचणाऱ्याच्या मनातली.

चालणं झेपत नसेल तर उपोषण बरं, असं काहींना वाटतं. जुन्या ३०९ कलमाचा आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा गेला हे खरं, पण न्याय संहितेत २२६ आलं. सरकारी माणसाला त्याचं काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर समाजसेवा. समाजसेवा ही शिक्षा आहे हे तिथे छापील आहे. तेव्हा उपाशी राहा, पण कोणाला भाग पाडू नका. एकादशीसारखं करा.

रस्ता अडवायचा तर विचारही करू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंबरोबर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले आणि वर्धा रोडवर बसले. गाड्यांची रांग लागली, त्यात कोणाची आई दवाखान्यात जायची होती, कोणाचं विमान होतं, त्यांची चिडचिड खोटी नव्हती. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि संध्याकाळी सहापर्यंत रस्ता मोकळा करा म्हणून आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत बैठक झाली आणि कर्जमाफीसाठी ३० जून २०२६ ही तारीख मिळाली. एवढी वर्षं आमच्या निवेदनावर आम्ही तारीख टाकायचो, इथे सरकारने टाकली. ही गोष्ट तुम्ही वाचून विसरून जा, याचा कोणी चुकीचा अर्थ काढेल.

एवढं सगळं ऐकूनही तुमची खुमखुमी जात नसेल, तर शेवटचा उपाय आहे आणि तो पूर्ण देशी आहे. तान्ह्या पोळ्यापर्यंत थांबा. त्या दिवशी इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे दोन पुतळे, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. तिथे पाच नाही, लाखभर माणूस असतो. पुतळे असतात, वाद्यं असतात, हावभाव तर विचारूच नका, आणि बड्या बड्यांच्या गळ्यात चपलांची माळ घातलेली असते. एकोणिसाव्या शतकापासून चाललंय. पोलीस असतात, पण ते रस्ता करून देतात. तुमचं गाऱ्हाणं पुठ्ठ्यावर लिहा, बडग्याच्या गळ्यात अडकवा आणि सगळ्यांबरोबर ओरडा, ‘घेऊन जा गे मारबत!’

फक्त ओरडताना शब्द नीट जुळवा. खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा, कर्ज घेऊन जा. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याने घाईत ‘धानाचा बोनस घेऊन जा गे मारबत’ असं म्हटलं होतं. त्या वर्षी तीही गेली, बोनसही गेला.