आई, फोडणी नको

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे टेक्सासला जाऊन आलो आणि तेव्हापासून घरात माझी किंमत उतरलीये. कारण साल्सा, म्हणजे टमाटे-मिरचीचा मेक्सिकन सॉस. तिकडे मेक्सिकन हॉटेलात बसलं की ऑर्डर द्यायच्या आधीच टोपलीभर मक्याचे गरम चिप्स आणि वाटीभर साल्सा समोर येतो, तोही फुकट, संपला की न मागता परत भरतात, आपल्याकडे शेवभाजीचा रस्सा तिसऱ्यांदा मागितला की वेटर कसा बघतो ते आठवा. मी पहिल्याच दिवशी तीन वाट्या संपवल्या. भाचा म्हणाला, "मामा, जेवण अजून यायचंय." म्हटलं येऊ दे, त्याच्यासोबत चौथी.

जळगावात परत आलो आणि चौथ्याच दिवशी तलफ आली. आता वास्तविक आपल्याकडे कमी काय आहे? टमाटे आहेत, कांदा आहे, लिंबू आहे, आणि मिरचीचं तर बोलूच नका, तिकडे नंदुरबारला हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या लागतात तेव्हा नुसतं रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा शिंकत जातो. म्हणजे सगळं सामान दारात आणि साल्सा मात्र कुठेच नाही.

मॉलमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर एक बाटली सापडली. तिथल्या पोरानं आधी फडक्यानं धूळ पुसली, मग तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. अडीचशे रुपये. घरी येऊन चव घेतली तर केचपमध्ये ढोबळी मिरचीचे तुकडे पाडून वरून व्हिनेगरनं आंघोळ घातलेली. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, बाटली महिनोन्‌महिने टिकवायची तर माल तापवावा लागतो, आंबट करावा लागतो, मग टमाट्याचा कच्चा ताजेपणा राहणार कुठून. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विक्रीच्या पैशात साल्सानं केचपला मागे टाकलं होतं, आणि माझ्या नशिबी आलं ते साल्साचे कपडे घातलेलं केचप. ती बाटली पोरांनी मॅगीसोबत संपवली.

मग हायवेवरचं एक फॅमिली हॉटेल. बोर्डावर पंजाबी, चायनीज, खान्देशी आणि हल्लीच रंगवलेलं मेक्सिकन. नाचोज विथ साल्सा मागवलं. वेटर गेला, अर्ध्या वाटेतून परत आला, म्हणाला, "सर, साल्सा म्हणजे तर्रीच ना?" मी नाही म्हटलं. तो आत गेला, आत बरीच चर्चा झाली, आणि मग वाटी आली. शेजवान चटणी, केचप, वर बारीक कांदा, आणि कडेनं तेलाचा लाल तवंग. म्हणजे तर्री घातलीच होती, फक्त सांगितली नव्हती.

शेवटी घरीच करायचं ठरवलं. आणि खरा त्रास इथून सुरू झाला, कारण बाटली निदान मधे बोलत नाही.

बायको म्हणाली, "अहो, टमाट्याची चटणीच ना ही, त्यात एवढं काय?" मी सांगायला गेलो की स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे नुसतं सॉस, त्यात कच्चा असतो, भाजलेला असतो, हिरव्या टोमॅटिलोचा असतो, जे आपल्या रसभरीसारखं पापुद्र्यात गुंडाळलेलं फळ असतं. ती म्हणाली, "मग चटणीच." कच्च्या साल्साला तिकडे 'पिको दे गायो' म्हणतात, म्हणजे कोंबड्याची चोच, हे मी नेमकं एकादशीला आईसमोर सांगितलं. आई मूळची अमळनेरची, चिडली की अहिराणीत येते. "कोंबडानी चोच? मन्हा घरमा?" म्हणून कच्चा साल्सा तिथेच बाद झाला.

भाजलेला घेतला. तेल न लावता कोरड्या लोखंडी तव्यावर टमाटे अख्खे ठेवायचे. आधी काही होत नाही, मग साल ताणली जाते, फट्‌कन फुटते, रस तव्यावर पडून चर्र करतो, आणि जिथे टेकलंय तिथे काळे डाग पडतात, ते काळे डागच पाहिजेत, तिथेच चव आहे. बाजूला सालीसकट लसूण आणि मिरच्या. धूर जिन्यात गेला आणि बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका, हातात रिकामी ताटली. "भरीत लावलं का भाऊ?" जळगावात तव्यावर, चुलीवर काहीही काळं केलं तरी लोकांना वांगंच आठवतं. साल्सा म्हटल्यावर ताटली पाठीमागे लपवून गेले.

पहिल्या खेपेला मी सहा लवंगी मिरच्या घातल्या. तिकडची हालापेन्यो मिरची तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर अडीच ते आठ हजारांत असते, आपली लवंगी त्याच्या कितीतरी वर, हे मला खाल्ल्यानंतर वाचायला मिळालं. दुसऱ्या खेपेला भज्याच्या जाड मिरच्या आणि चवीपुरती एकच लवंगी. रंग, वास, सगळं जमलं. मी लिंबू आणायला फ्रिजकडे वळलो तेवढ्यात बायकोनं दोन चमचे दाण्याचा कूट घातला, "पातळ वाटत होती हो." तिसऱ्या खेपेला कूट लपवून ठेवला, तर आई कढल्यात तेल, जिरं, मोहरी तडतडवत पाठीशी उभी. मी वाटीवर दोन्ही हात धरले. आई, फोडणी नको. "तेल नही, फोडणी नही, हाई काय आजारी मानूसनं जेवण शे का?" हातावर दोन थेंब उडाले, डाग अजून आहे.

चौथ्या खेपेला पहाटे साडेपाचला उठलो. चोरासारखं. खिडक्या बंद करून भाजलं, मिक्सरचा आवाज नको म्हणून पाट्यावर जाडसर वाटलं. मेक्सिकोत यासाठी तीन पायांचा दगडी खल असतो, मोलकाहेते, तोही बसाल्टचाच, म्हणजे आपल्या काळ्या पाटा-वरवंट्याचा लांबचा मावसभाऊ. अर्धा कांदा बारीक चिरून पाण्यातून काढून घातला, कोथिंबीर, मीठ, लिंबू. बोट बुडवून चाटलं. अहो तोच! तोच टेक्सासचा! अंधारात एकटाच हसलो.

त्याच दिवशी साडूच्या शेतात भरीत पार्टी होती. स्टीलच्या डब्यात साल्सा भरला, चिप्सच्या जागी ज्वारीच्या बिबड्या तळून घेतल्या. शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजली जात होती, एक जण ती लाकडी बडगीत ठेचत होता, दुसऱ्या चुलीवर शेवभाजीचा रस्सा उकळत होता. बोरिंगवर हातपाय धुवून आलो तर डबा रिकामा, उपडा ठेवलेला.

"त्यातलं टमाट्याचं वाटण होतं ना दादा?" साडू पळी हलवत म्हणाला. "रश्श्यात टाकलं. कच्चंच होतं, आधी चांगली फोडणी दिली."

पंगतीत सगळे म्हणाले, आज रस्सा काही वेगळाच झालाय. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला, पण मान खाली घालून.