बर्लिनमार्गे परळ

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. विधेयकाचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर. विधानसभेत उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. ग्रुपवरचा निकाल मात्र लगेच लागला: हा डावा विचारच मुळात बाहेरचा, आपल्या मातीतला नव्हे. असं ठणकावून सांगणाऱ्यांपैकी निम्मे न्यू जर्सीत आणि सिंगापुरात राहतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मी बर्लिनमध्ये राहतो. पक्षाचा सभासद नाही, लेनिनवादी तर नाहीच, पण डावा म्हणाल तर हरकत नाही. आणि बाहेरचा म्हणाल तर तो विचार खरोखरच बाहेरून आला होता. त्यातला बराचसा माझ्या घरापासून सहा-सात स्टेशनांवरून.

गंगाधर अधिकारी नावाचा मराठी तरुण, पुढे भारतातला कम्युनिस्ट नेता, १९२२च्या सुमारास इथे रसायनशास्त्र शिकायला आला. चार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक विद्यापीठातले माक्स फोल्मर यांच्याबरोबर त्याने केलेलं काम आजही त्या विषयातले लोक ओळखतात: घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटलेले रेणू तिथल्या तिथे बसून राहत नाहीत, सरकत असतात, हे त्या दोघांनी मोजून दाखवलं. (फोल्मर पुढे दहा वर्षं सोव्हिएत संघात काम करून परतले आणि पूर्व जर्मनीच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. गुरुजींची गाडी मॉस्कोला शिष्यानंतर पोचली.)

नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाच्या ठेवीत पाव येत नव्हता आणि परकीय चलन घेऊन आलेला परदेशी विद्यार्थी ऐटीत राहू शकत होता. हे रोज डोळ्यांसमोर घडत असताना 'पैसा म्हणजे नेमकं काय' हा प्रश्न हुशार माणसाला पडला नसता तरच नवल. शिवाय इथे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे भाऊ. सगळे त्यांना चट्टो म्हणत. भारतीय विद्यार्थी आला की त्यांच्या गोतावळ्यात ओढला जायचा. अधिकारी इथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले.

पण बर्लिनला आला तो कम्युनिस्ट झाला, असंही नाही. त्याच दशकात इथे झाकिर हुसेन होते, ते पुढे राष्ट्रपती झाले. थोड्या वर्षांनी लोहिया आले आणि समाजवादी म्हणून परतले, पण कम्युनिस्टांशी त्यांचं कधी जमलं नाही. १९२८ साली अधिकारी इथे होते तेव्हा इरावती कर्वेही इथेच होत्या, मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी कवट्या मोजत. आणि त्या मोजमापांतून त्यांच्या प्राध्यापकांना हवा होता तो वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष काढायचं त्यांनी नाकारलं. गाव एकच, पण प्रत्येकाने आपल्याला पटलं ते उचललं. त्यामुळे 'बाहेरचं' या एका शिक्क्याने मला काहीच कळत नाही.

खरी गोची पुढे आहे. अधिकारी डिसेंबर १९२८ मध्ये मुंबईत उतरले. गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप नुकताच मिटला होता, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन परळ-लालबागमध्ये जोरात होती. चार महिने भरायच्या आत, २० मार्च १९२९ला, डांगे, मिरजकर, घाटे या कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर त्यांनाही उचलून मीरत खटल्यात, इंग्रज सरकारने भरलेल्या कटाच्या खटल्यात, बसवलं. खटला चालू असतानाच्या वर्षांतच कम्युनिस्ट जाहीरनामा त्यांनी मराठीत आणला. इथवर सगळं मला पटतं. पण १९२८च्या उन्हाळ्यात कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं होतं की समाजवादी सुधारक, म्हणजे क्रांतीऐवजी कायद्याने बदल करू पाहणारे, हेच मोठे शत्रू. ती ओळ मुंबईतही पाळली गेली आणि १९३०च्या कायदेभंगात सगळा देश रस्त्यावर असताना कम्युनिस्ट कडेला राहिले. १९४२ला पुन्हा तेच: सोव्हिएत संघ लढतोय म्हणून महायुद्ध हे 'लोकयुद्ध' ठरवून पक्ष 'चले जाव'पासून दूर राहिला. त्याच वर्षी अधिकारींनी मुस्लिमबहुल प्रदेशांच्या स्वयंनिर्णयाचा प्रबंध मांडला; पाकिस्तानच्या मागणीला त्यातून वैचारिक टेकू मिळाला आणि पक्षाला पुढे तो गुंडाळावा लागला. विचार बाहेरून घेतला याची मला तक्रार नाही. कधी काय करायचं हा निर्णयही बाहेर ठेवला, याची आहे.

आणि जे घरातच होतं ते त्यांना उशिरा दिसलं. गिरणीत साचेखात्याला, म्हणजे विणकाम खात्याला, पगार जास्त. पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता, कारण सुताची कांडी बदलली की धोट्याच्या (मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नळीच्या) भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि दलिताच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला लावायला सवर्ण मजूर तयार नव्हता. वर्गबंधुत्व त्या भोकाशी येऊन अडत होतं. १९२८च्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा नेत्यांनी ती मागणी नाइलाजाने यादीत घातली. बर्लिनमध्ये धोट्याबद्दल कोण शिकवणार? ते परळलाच शिकायला हवं होतं. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ला, मुंबई प्रांतातल्या काँग्रेसच्या खेर सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या डाव्यांच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा दिवस. तो एका दिवसावर राहिला, हेच दुखणं.

त्या विधेयकावरचा मुख्य आक्षेप असा होता की संपाआधी कामगाराला इतक्या पायऱ्या चढायला लावायच्या की संप करायची वेळच निघून जावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. आता कुठल्याही उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे, आणि कारखाना बंद करताना किंवा कपात करताना सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३००वर गेली आहे. ग्रुपवर यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मी विषय काढला तर उत्तर आलं, 'जर्मनीत कामगारांच्या हाती असलं काही नसतं, म्हणून तिथे उद्योग चालतात.'

जर्मनीत असतं! माझ्या कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली समिती आहे. मी इथला नागरिक नाही, तरी मला त्यात मत आहे, उभंही राहता येतं. कंपनीला शनिवार-रविवारची ऑन-कॉल पाळी सुरू करायची होती. समितीच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, म्हणून मोबदला आणि सुट्टी लेखी ठरेपर्यंत काही महिने प्रकरण अडून राहिलं. समितीवरच्या एक बाई पूर्व जर्मनीत वाढलेल्या. लेनिनचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या, पण त्यांच्या कायद्याच्या पुस्तकाला कडेने इतक्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत की ते मिटत नाही. हा हक्क आला १९२०च्या कायद्यातून. तो अगदीच मिळमिळीत आहे म्हणून डाव्यांनी १३ जानेवारी १९२०ला संसदेसमोर निदर्शनं केली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ४२ माणसं मेली. निदर्शकांचं म्हणणं बरोबर होतं. कायदा अपुराच होता. नाझींनी तो मोडला, युद्धानंतर तो नव्याने उभा राहिला आणि आज माझ्या उपयोगी पडतो तो सुधारकांचा तोच अपुरा कायदा. अधिकारींचा पक्ष ज्यांना शत्रू म्हणत होता, त्यांचा.

दर जानेवारीत फ्रीडरिश्सफेल्डच्या स्मशानात १९१९ साली मारले गेलेले कम्युनिस्ट नेते रोझा लुक्झेम्बुर्ग आणि लीबक्नेख्त यांच्या समाधीवर लोक लाल फुलं वाहायला जातात. तिथेच २००६ पासून एक छोटा दगड आहे, स्टालिनशाहीच्या बळींसाठी. त्यावर फुलं ठेवायची की नाही यावरून अजून वाद होतात. मला त्यात वादाचं काही दिसत नाही. बर्लिनमधल्या भारतीय पोरांना राजकारणात आणणाऱ्या चट्टोंना सोव्हिएत पोलिसांनी सप्टेंबर १९३७ मध्ये गोळी घातली. मुंबईत लाल बावट्याच्या इतिहासावर भाषणं होतात, त्यांत हे नाव मी ऐकलेलं नाही. जनसुरक्षा विधेयकाला विरोध करताना 'मतासाठी माणसाला डांबू नका' असं म्हणायचं असेल, तर हा हिशेबही स्वतःहून मांडावा लागतो. नाहीतर समोरचा तो मांडतोच, आणि अर्धवट मांडतो.

मात्र माझ्या समितीचंही फार कौतुक नको. जेवण पोचवणाऱ्या सायकलस्वारांत इथे भारतीय विद्यार्थी बरेच आहेत, मराठी बोलणारेही भेटतात. बऱ्याच जणांना काम मिळतं ते मधल्या ठेकेदाराकडून. हातात धड करार नाही, मग समिती कुठली? पुण्यातल्या त्यांच्या भावंडांना नव्या संहितेने 'गिग कामगार' म्हणून ओळख दिली, पण मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवून. कंपन्यांनी उलाढालीच्या एक-दोन टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे, बस्स. संघटनेचा हक्क, पाळीचे तास, ॲपवरून अचानक काढून टाकणं, यावर त्यांच्या बाजूने कोण बोलतंय? आमच्या ग्रुपवर तरी नाही. ग्रुपवर सध्या न्यू जर्सीतल्या मित्राच्या व्हिसाची चर्चा चालू आहे, आणि नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडावा लागेल का, ही त्याची काळजी अगदी खरी आहे.