चार्जशीट आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला? कुठे?

एक मेसेज फिरतोय, "निर्दोष माणसाला पोलीस कशाला बोलावतील? चौकशी झाली, अटक झाली, चार्जशीट पण आली, आता सिद्ध व्हायचं राहिलंय काय?" अहो, सगळंच राहिलंय.

चौकशीचं बघा. पोलीस साक्षीदारालाही बोलावतात. नव्या बीएनएसएसमध्ये (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला जाते आणि ३५(३) ची ज्याच्यावर संशय आहे त्याला, त्यामुळे आधी कागदावरचं कलम वाचा, मग बोंबला. आणि "पोलिसांसमोर कबूल केलं" म्हणून नाचू नका, तो कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

अटक म्हणजे शिक्षा नाही. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, आणि ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट उचलू नका, अटकेची कारणं लिहा, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार केसमध्ये सांगून ठेवलंय. उलट बाजूने पण तेच, जामीन मिळाला म्हणजे क्लीन चिट नाही. ६० किंवा ९० दिवसांत (गुन्ह्यावर अवलंबून) चार्जशीट आली नाही तर जामीन हक्कानेच मिळतो, केस चालूच राहते.

आता चार्जशीट, खरा घोळ इथेच आहे. चार्जशीट म्हणजे पोलिसांचं म्हणणं, बास. ते कोर्ट वाचतं, दम नसेल तर आरोपीला तिथेच दोषमुक्त करतं, असेल तर आरोप निश्चित करतं, आरोपीला वाचून दाखवतं आणि विचारतं, गुन्हा कबूल आहे का. नाही म्हणाला की साक्षीपुरावे सुरू, आणि मग उलटतपासणीत पंच (पंचनाम्याचा साक्षीदार) सांगतो की जप्तीचा पंचनामा झाला तेव्हा मी तिथे नव्हतोच, साहेबांनी पोलीस स्टेशनात बोलावून सही घेतली. पंच फितूर! आता ती जप्ती सिद्ध करताना सरकारी वकिलाला घाम फुटतो. यातलं काहीही चार्जशीट दाखल झाली त्या दिवशी झालेलं नसतं. (आणि तपासानंतर पोलीस स्वतःच "तक्रार खोटी" म्हणून कोर्टात बी समरी (केस बंद करण्याचा अहवाल) पाठवतात, तेही होतं.)

मेसेजमध्ये शेवटी विचारलंय, "मग केसेस असलेले निवडणूक कसे लढवतात?" कारण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अपात्रता दोषी ठरल्यावर लागते, चार्जशीटवर नाही. बहुतेक गुन्ह्यांत त्यासाठी किमान २ वर्षांची शिक्षा लागते. पूर्वी आमदार-खासदार अपील टाकून खुर्ची टिकवायचे, ती सवलत सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालाने गेली, आता वाचायचं तर वरच्या कोर्टातून दोषसिद्धीलाच स्थगिती आणावी लागते.