अहवाल कपाटात का जातो: ‘एक करदाता’ यांना उत्तर

नमस्कार,

एनर्जी ऑडिटवरच्या (ऊर्जा कुठे, किती जाते आणि कुठे वाचेल याच्या तपासणीवरच्या) माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ते नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: ऑडिट म्हणजे जनतेच्या पैशाने छापलेलं पुस्तक. ऑडिटर दोन दिवस येतो, एलईडी लावा म्हणतो आणि जातो. तुमच्या नगरपरिषदेचा अहवाल चार वर्षं कपाटात पडून आहे. उपाय एकच, कायद्याने सक्ती. आणि शेवटी टोला: ‘तुम्ही स्वतः फी किती घेता तेही लिहा.’

पाट्या टाकणारे ऑडिटर आहेत, यावर वाद नाही. एका सरकारी कार्यालयाच्या अहवालात बॉयलरच्या धुराड्यातल्या वायूचं तापमान कमी करा अशी शिफारस मी स्वतः वाचली आहे. त्या इमारतीत बॉयलर कुठला, चहासुद्धा समोरच्या टपरीवरून यायचा. कुठल्या तरी कारखान्याचा अहवाल उघडून नाव बदललेलं, दुसरं काय! ऑडिटर होण्यासाठीची ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारी संस्थेची परीक्षा चार पेपरांची आहे, पण कॉपी-पेस्ट करू नये असा पाचवा पेपर काही त्यात नाही.

एलईडीचं म्हणाल तर तिथे मीही चुकलेलो आहे. जुनी ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या घरात जाते, एलईडी २० वॅटची. ट्यूबमागे ३० वॅट वाचले. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले की ७२ युनिटं होतात, तक्ता छान दिसतो. पण मी ज्या कार्यालयाचा हिशेब मांडला होता तिथे खिडक्या मोठ्या, माणसं दिवे लावायची ती संध्याकाळी निघण्याआधी तासदोन तास आणि पावसाळ्यात. खरे तास सरासरी ३ सुद्धा नव्हते. म्हणजे फार तर २७ युनिटं. पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा माझा आकडा अडीच पटीहून जास्त चुकला होता, आणि तो चुकला कारण मी शिपाईमामांना विचारलं नाही.

आता जिथे पटत नाही तिथे येतो. अहवाल वाईट असतो म्हणून कपाटात जातो असं तुम्ही धरून चालला आहात. चांगले अहवालही त्याच कपाटात असतात.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, उदाहरण देतो. लोखंड वितळवून १५०० अंशांपर्यंत न्यायला सिद्धांताने टनामागे ४०० युनिटांच्या आसपास वीज लागते. विजेवरच्या इंडक्शन भट्टीवर प्रत्यक्षात ती साडेपाचशे-सहाशेच्या पुढेच जाते. इथे त्याहूनही जास्त जात होती. दोन दिवस भट्टीजवळ उभा राहिलो तेव्हा दिसलं की झाकण कायम उघडं, आणि धातू तयार होऊनही तो ओतायचे साचे (मोल्ड) तयार नाहीत म्हणून भट्टी नुसती गरम ठेवलेली. उघड्या धातूतून उष्णता किती बाहेर पडते ते कळायला उपकरण लागत नाही, तोंड भाजतं. मी अहवाल टाइप करायच्या आत मालकांनी झाकणाची दुरुस्ती लावली आणि मोल्डिंगवाल्यांची पाळी तासभर अलीकडे आणली. कारण सोपं आहे. टनाचा खर्च त्यांच्या खिशातून जातो आणि वाचलेला रुपया त्याच खिशात परत येतो.

दुसरं उदाहरण एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याचं. (तुमची नाही, पण फार वेगळीही नसावी.) पंपाच्या पुढच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे गेज ६ किलो दाब दाखवत होता, पलीकडे ३.८ (एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचं पाणी). म्हणजे पंप पाणी साठ मीटर उचलण्याचा दाब तयार करतोय आणि त्यातले बावीस मीटर अर्धवट बंद व्हॉल्व्हमध्येच मरताहेत. शंभरातली सदतीस युनिटं गेली म्हणायची. डिझाइन करणाऱ्याने हेडवर, म्हणजे पाणी जितकं उंच चढवायचं त्यावर, मार्जिन धरलं, तपासणाऱ्याने त्यावर आणखी धरलं, विकणाऱ्याने त्याहून मोठा पंप दिला. व्हॉल्व्हमनला हे सगळं ठाऊक होतं. ‘साहेब, पूर्ण उघडला की मोटर ट्रिप होते, म्हणून मी मोजून आटे सोडतो.’ कित्येक वर्षं तो मोजून आटे सोडत होता आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) तासून घ्या नाहीतर योग्य हेडचा पंप बसवा, असं मी लिहिलं. खर्च वर्षभराच्या आत वसूल झाला असता. काहीच झालं नाही, आणि त्यात कुणा एकाचा आळस नव्हता. वीजबिल एका लेखाशीर्षातून जातं, पंप दुसऱ्यातून. बिल कितीही आलं तरी ते भरायला कुणाची मान्यता लागत नाही. पंपाला मात्र तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. आणि चालता पंप का काढला, असा आक्षेप उद्या लेखापरीक्षणात आला तर सही करणाराच अडकणार. वीज वाचली तर पुढच्या वर्षीची तरतूद तेवढी कापली जाणार. मग हे झेंगट कोण अंगावर घेणार? वाचलेल्या पैशाला मालक नाही, करदाता महाशय, सगळं घोडं तिथे अडलंय.

त्यात ऑडिटरही सर्वांत कमी दराच्या निविदेतून येतो. त्या दरात पाइप न कापता पाण्याचा प्रवाह मोजणारा अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर भाड्याने आणून आठवडाभर पंपहाउसवर बसणं परवडत नाही. दोन दिवसांत जे दिसतं ते लिहिलं जातं, आणि दोन दिवसांत ट्यूबलाइट दिसतात.

सक्तीचं म्हणाल तर कायदा २००१ पासून आहे आणि मोठ्या वीजखाऊ उद्योगांना ऑडिट बंधनकारकही आहे. तिथे फरक पडला तो मात्र केंद्र सरकारच्या ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजनेने. २०१२ साली सिमेंट, पोलाद, खत वगैरे आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना टनामागे किती ऊर्जा वापरायची याचं उद्दिष्ट दिलं. पहिल्या तीन वर्षांचं लक्ष्य सुमारे ६.७ दशलक्ष टन तेलाइतक्या ऊर्जेचं होतं, बचत ८.६७ झाली. कौतुक करताना हेही सांगायला हवं की उद्दिष्टं सैल होती. म्हणून तर जास्तीच्या बचतीची प्रमाणपत्रं (जास्त वाचवणाऱ्यांनी विकायची, कमी पडलेल्यांनी घ्यायची) २०१७ साली बाजारात आली तेव्हा त्यांचे भाव लवकरच गडगडले. तरीही तिथे अहवालाच्या जाडीला कुणी विचारत नव्हतं, मीटर काय म्हणतो ते बघत होते. तुमच्या नगरपरिषदेवर नुसती ऑडिटची सक्ती केलीत तर कपाटात आणखी एक पुस्तक जाईल.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर माहिती अधिकारात तो अहवाल मागवाच, पण सोबत पाणीपुरवठ्याच्या जोडणीची मागच्या बारा महिन्यांची बिलं मागवा. त्यात कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेला जास्तीत जास्त भार) आणि मीटरने प्रत्यक्ष नोंदवलेली कमाल मागणी शेजारी शेजारी लिहून काढा. दोन आकड्यांत कायमच मोठी दरी दिसली तर डिमांड कमी करायला फक्त अर्ज लागतो, निविदा लागत नाही. तिथून सुरुवात करा, पंपाचं भांडण मग काढू.

राहिली फी. वर सांगितलेल्या नगरपरिषदेच्या कामाची रक्कम सांगायला माझी काहीच हरकत नाही, पण शेवटचा हप्ता अजून हातात पडलेला नाही. फाइलवर शेरा आहे: ‘शिफारशींची अंमलबजावणी प्रलंबित.’