मोजके ओर्का आणि हजारो पाणमांजरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळची सागरी पाणमांजरं ओर्कांनी (किलर व्हेल) घटवली, या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत : ‘ओर्का आणि सागरी पाणमांजरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाण्यात आहेत. मूठभर ओर्कांनी अचानक हजारो पाणमांजरं फस्त केली हे पटत नाही. रोगाचं खापर ओर्कांवर फोडलंय. शिवाय सर्वोच्च भक्षक समतोल राखतो असं शाळेत शिकलोय. दुसरं उदाहरण आहे का?’ आक्षेप नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. सागरी परिसंस्थेचे अभ्यासक जेम्स एस्टिस आणि सहकाऱ्यांनी तो १९९८ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात मांडला. १९९० च्या दशकात सहाएक वर्षांत तिथली सुमारे ४०,००० पाणमांजरं नाहीशी झाली होती. ओर्का फक्त पाणमांजरांवर जगला तर त्याला दिवसाला पाच, म्हणजे वर्षाला १,८०० च्या वर लागतात. भागाकार करून पाहा, चार ओर्काही लागत नाहीत. प्रत्यक्षात ओर्का इतरही शिकार करतात, पण ‘मूठभर’ हा अडथळा उरत नाही.

रोग किंवा उपासमार असती तर किनाऱ्यावर मेलेली पाणमांजरं सापडली असती. ती फारशी सापडली नाहीत. मला सर्वांत पटणारा पुरावा याच बेटांपैकी अडाक बेटावरचा आहे. तिथलं क्लॅम लगून अरुंद, उथळ तोंडाचं, ओर्काला आत शिरता येत नाही. शेजारचा कुलुक बे उघडा. उघड्या पाण्यातली पाणमांजरं झपाट्याने घटली, लगूनमधली टिकून राहिली. रोगाला उथळ तोंड अडवत नाही.

मग अचानक का? ओर्का म्हणजे एकच सवयीचा प्राणी नव्हे. त्याच समुद्रात काही कळप केवळ मासे खातात, त्यांतही सामन आवडीने. काही सील, सी-लायन, देवमाशांची पिल्लं मारतात. अन्नजाळ्यात या दोघांची जागा एक नाही, आणि पाणमांजरांना धोका दुसऱ्यांकडूनच. त्यांनी भक्ष्य का बदललं यावर वाद आहे. महायुद्धानंतरच्या व्यापारी शिकारीने मोठे देवमासे संपवले, म्हणून ओर्का लहान प्राण्यांकडे वळले, अशी मांडणी २००३ मध्ये झाली. अनेक अभ्यासकांना ती मान्य नाही, आणि मलाही ती सिद्ध वाटत नाही. पण ती कोसळली तरी अडाकचा पुरावा उभाच राहतो.

आता समतोल. पाणमांजर सी अर्चिन (समुद्रतळावरचा गोल, काटेरी प्राणी) खातं, सी अर्चिन केल्प (मोठं समुद्री शेवाळ) खातो. साखळी इथे संपली तर केल्प फोफावतो. वर ओर्काची चौथी कडी जोडली की सगळं उलटतं : अडाकला १९८७ ते १९९७ मध्ये सी अर्चिनचं वजन आठपट झालं आणि केल्पची दाटी बारा पटींनी घटली. शाळेतलं वाक्य इथे अपुरं पडतं. वरचा भक्षक खालच्या वनस्पतीला तारतो की मारतो, हे मध्ये किती कड्या आहेत त्यावर ठरतं. म्हणून मी ओर्काला राखणदारही म्हणत नाही आणि खलनायकही नाही.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. २०१७ मध्ये तिथल्या गान्सबाई या किनारी गावाजवळ यकृत काढून घेतलेले मोठे पांढरे शार्क किनाऱ्याला लागले. काम ओर्कांचं होतं. उरलेल्या पांढऱ्या शार्कांनी तो भाग बराच सोडला, आणि तिथे ब्रॉन्झ व्हेलर जातीचे शार्क दिसू लागले. एरवी पांढरे शार्क त्यांचीच शिकार करतात.